संध्याकाळच्या गोळ्यांचा डबा

सांगली, दवाखाना, पहिला मजला

प्रिय नाथाजी,

माझ्याकडून जय जिनेंद्र, तुझा रामराम पोचला असं धरून चालतो. गुडघा कसा हाय? साताऱ्यात सुनेच्या हातचं मानवतंय का? मी मजेत हाय. (उजवा पाय सोडून.)

उसाचा बुडखा घोट्याला लागला, ती जखम दोन महिने भरंना. काल तपासणीचा कागद आला. जखमेतल्या जंतूंवर अकरा औषधं घालून बघितली, त्यातल्या दहांना त्यांनी ओळखसुद्धा दिली न्हाई. आता एकच इंजेक्शन उरलंय. तेबी लागू पडलं न्हाई तर पाय काढावा लागंल, असं डॉक्टरीण शिवांजलीनं (माझ्या नातीच्या वयाची) हळूच सांगितलं.

मग तिनं विचारलं, आधीच्या गोळ्या पूर्ण घेतल्या का? म्हटलं, सकाळ-दुपार घेतल्या. दिवस मावळल्यावर आमच्यात पाणीसुद्धा चालत न्हाई, तुला ठाऊकच हाय. आमची कारभारीण त्रिशला होती तवा डॉक्टरशी भांडून गोळ्यांच्या वेळा उजेडात बसवून आणायची. ती गेल्यावर कोण भांडतंय? संध्याकाळच्या गोळ्या टाकवंनात म्हणून तिच्या बडीशेपेच्या डब्यात साठवल्या. म्हशीची कास सुजली, तिला पेंडीतून चारल्या. समोरच्या जोतिबाचा घसा बसला, त्याला दोन दिल्या. जुन्या झाल्या त्या मोरीत ओतल्या. (गल्लीत माझ्याएवढा दानशूर नव्हता गड्या.) डॉक्टर पोरीनं कपाळाला हात लावला. म्हणाली, आजोबा, अर्धवट मार खाल्लेले जंतू शहाणे होतात. तुमच्या पायात, म्हशीच्या पोटात, शेणातून रानात, मोरीतून ओढ्यात, आणि शिकलेलं एकमेकांना शिकवतात. बघ की, जन्मभर मुंगी चुकवून चाललो आणि घरातच जंतूंची तालीम काढली!

त्यांचा गोतावळा वाढला, माझ्या खाटंजवळ मात्र कोण न्हाई. पोरगा बंगळूरहून फोन करतो, बरं हाय का विचारतो. मी व्हय म्हणतो, तो ठेवतो. शेजारच्या खाटंवरच्याचा डबा घेऊन रोज पाच जणं येतात. लय एकटं वाटतं रं.

तब्येत सांभाळ.

तुझा,
जवाहर

ता. क. : गावच्या जत्रेला आष्ट्याला आलास तवा त्याच डब्यातल्या सहा गोळ्या तुला दिल्या होत्या. खाऊ नकोस, मोरीतबी टाकू नकोस. इकडं आणून दे.

ता. क. २ : पोस्टानं पाठवू नकोस.

ता. क. ३ : दवाखान्याच्या कागदावर जवळच्या माणसाचं नाव मागितलं. तुला न विचारता तुझं घातलं. नातं काय, तर लिहिलं, शेजारी. तू शेजार सोडून सहा वर्षं झाली, हे आल्यावर इथं कुणाला सांगू नकोस.