गॅस जातो कुठे

८ फेब्रु., रविवार

एसी पुन्हा ढिला पडलाय. थंडीतसुद्धा मी आठवड्यातून एकदा थोडा वेळ तो चालवते. बंदच ठेवला तर आतली रबरं सुकतात. म्हणून लगेच लक्षात आलं. चालत्या गाडीत बरा असतो, सिग्नलला थांबले की नुसता पंख्याचा वारा.

विठ्ठलवाडीला अनिल भाऊजींच्या गॅरेजवर नेली. म्हणजे प्रकाशचा धाकटा भाऊ. घरची गाडी घरच्याच गॅरेजला, असं आईंचं, म्हणजे सासूबाईंचं म्हणणं. भाऊजींनी गॅस भरला. "दरवर्षी भरावाच लागतो वहिनी, उडतो तो."

गेल्या उन्हाळ्यात भरलेला. दिवाळीत परत भरलेला. उडतो म्हणजे कुठे?

११ फेब्रु.

लिमये बाईंना ठाण्याला सोडलं. त्यांचं डायलिसिस. परत आणायला अडीचला. डोंबिवलीतल्या म्हाताऱ्या बायकांची दवाखान्याची ने-आण हे माझं काम, पण बाई सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. निवृत्त शिक्षिका. गाडीत उकडलं तर त्यांचं बी.पी. खाली जातं, हे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलंय. म्हणजे माझ्यासाठी एसी चैन नाही.

त्यांना गॅसचं सांगितलं. म्हणाल्या, "मेधा, फ्रिजमध्ये दरवर्षी गॅस भरतेस का गं?"

नाही भरत. चौदा वर्षांचा फ्रिज आहे.

मग गाडीतच का उडतो? रस्ताभर तेच डोक्यात.

१५ फेब्रु.

फोनवर बरंच वाचलं. गॅस वापरून संपत नाही, बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. गळती न शोधता भरत राहिलं तर शेवटी कॉम्प्रेसर बसतो, आणि मग खर्च विचारू नये.

भाऊजींना हे माहीत नसेल? वीस वर्षं गॅरेज आहे.

की माहीत आहे, आणि मी दर सहा महिन्यांनी आलेली बरी?

असं लिहायला नको होतं. पण लिहिलं.

२२ फेब्रु., रविवार

मीच सांगितलं, आज गळती शोधा, मी इथेच उभी राहते. भाऊजी हसले पण चेहरा पडला. "वहिनी, पोलीसच झालात की." साबणाचं पाणी लावत गेले. पुढच्या पाइपच्या जोडावर बुडबुडे. बारीक, पण येतच राहिले. आतली रबरी रिंग कडक झालेली. बदलली, मग गॅस.

इतकंच होतं तर आधी का नाही पाहिलं? विचारलं. "घाई असते हो."

घरी येऊन कपाटातली लाल नेलपॉलिश काढली. गॅस भरायच्या तोंडावर टोपण असतं, त्याच्या कडेला एक ठिपका दिला, अर्धा टोपणावर, अर्धा पाइपवर. कोणी फिरवलं तर तुटेल. प्रकाशला सांगितलं नाही. भावाबद्दल आहे, त्याला लागेल.

५ मार्च

एसी फर्स्ट क्लास. बाई शाल मागतात आता!

माझं रुटीन नीट चालू आहे. उन्हात उभी गाडी असली की आधी काचा खाली, गरम हवा बाहेर, मग एसी. घर यायच्या जरा आधी एसी बंद आणि नुसता पंखा, म्हणजे आत ओल राहत नाही, कुबट वास येत नाही. केबिन फिल्टर नवा टाकला. जुन्यात पिंपळाची पानं आणि कबुतराचं पीस. समोरची एसीची जाळी रविवारी साध्या पाइपने, हळू धारेने धुते. जोरात मारलं तर पात्या वाकतात.

प्रकाश गॅलरीतून बघत होता. "स्वतःची पण एवढी काळजी घेत जा."

कौतुक होतं का ते?

१४ मार्च

भांडण. नको होतं. आईंसमोर झालं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी प्रकाशला विचारलं म्हणे, पिवळ्या पाटीवाली गाडी तुमचीच ना, ड्रायव्हर कोण? लोक हसले. प्रकाश वागळे इस्टेटला चांगल्या कंपनीत आहे, सुपरवायझर आहे, त्याला ते झोंबलं. "आपल्याला गरज आहे का मेधा? एक वर्ष झालं, हौस झाली."

मी म्हटलं, हौस नाही. तो म्हणाला, "गाडीचं एक मोठं काम निघालं ना, की तुझं तुलाच कळेल."

आई भाजी निवडत राहिल्या.

२० मार्च

काल पाडवा. भाऊजी सहकुटुंब जेवायला. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी. चांगला गेला दिवस.

आज बॉनेट उघडलं. ठिपका तुटलाय. अर्धा टोपणावर, अर्धा पाइपवर, आणि मधे अंतर.

गाडी या महिन्यात गॅरेजला गेलेलीच नाही.

काल दुपारी भाऊजींनी किल्ली मागितली होती. त्यांची गाडी माझ्या मागे अडकलेली. किल्ली घेऊन खाली गेले. मी पुऱ्या तळत होते. किती वेळाने आले आठवत नाही. प्रकाशही खाली होता, पान आणायला.

एसी चालू करून पाहिला. गार आहे. मग टोपण कशाला फिरवलं? थोडा गॅस काढून घेतला, म्हणजे मी मे महिन्यात परत येईन?

सख्खा दीर. कालच माझ्या हातचं जेवून गेला.

२८ मार्च

गार आहे अजून. पण पहिल्यासारखा? माहीत नाही. मला आता रोज कमीच वाटतो. बाईंना तीनदा विचारलं, गार येतंय ना? म्हणाल्या, "येतंय. तुला काय झालंय ते सांग."

सांगितलं नाही.

९ एप्रिल



बाईंना परत आणताना माणकोलीच्या बाजूला ट्रक उलटलेला, म्हणून शिळफाट्याने आले. तिथे गाड्यांना गाड्या चिकटलेल्या. डोक्यावर ऊन. आणि एसी गेला. आधी पंख्यासारखा वारा, मग सरळ गरम. डायलिसिस करून आलेलं माणूस मागच्या सीटवर. काचा उघडल्या तर धूळ आणि डिझेलचा धूर.

बाई आधी बोलत होत्या, मग "हो" म्हणायला लागल्या, मग काहीच नाही. मान कलली. मी गाडी तिरकी घालून एका हॉटेलसमोर उभी केली, ओरडले. काउंटरवरच्या बाईने आत पंख्याखाली बाकावर झोपवायला जागा दिली. पाय वर घेतले, ओला रुमाल. त्यांना पाणीही मोजूनच, जास्त चालत नाही. डॉक्टरांना फोन. बऱ्याच वेळाने डोळे उघडून म्हणाल्या, "इतकी का रडतेस? मी आहे."

त्यांच्या मुलीने परदेशातून फोन केला. रागावली नाही. "मेधाताई, पुढच्या वेळी दुसरी गाडी बघू का?" म्हणाली.

१० एप्रिल

भाऊजींकडे नेली नाही. थेट ठाणे. बाईंच्या ओळखीतल्या कोणीतरी वागळे इस्टेटमधलं एक वर्कशॉप सांगितलेलं, फक्त गाड्यांच्या एसीचं काम. सावंत म्हणून आहेत, मालक.

त्यांनी मशीन लावायच्या आधी टोपण काढून तोंडाशी पाहिलं आणि थांबले. तिथे चिकट, वाळलेल्या डिंकासारखं काहीतरी.

"मॅडम, यात स्टॉप-लीक कोणी टाकलं?"

मला शब्दच माहीत नव्हता. डबा मिळतो म्हणे, ऑनलाइनसुद्धा. गॅसच्या तोंडातून आत सोडायचा, गळतीच्या जागी जाऊन तो घट्ट होतो. पण नको तिथेही घट्ट होतो. आतल्या बारीक व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसलाय. आता व्हॉल्व्ह, कंडेन्सर, नळ्यांची सफाई, कदाचित कॉम्प्रेसरही.

"रिंग नीट बसवलीय कोणीतरी," जोड बघून म्हणाले. "गळती नव्हतीच. याची गरज नव्हती."

टेंभी नाक्यापर्यंत आले आणि गाडी बाजूला घेऊन बसून राहिले.

१२ एप्रिल, रविवार

विठ्ठलवाडी. भाऊजींना सरळ विचारलं. पाडव्याला काय टाकलंत?

आधी कळलंच नाही त्यांना. मग कळलं तेव्हा हातातला पाना खाली ठेवला.

"वहिनी, तो डबा मी दुकानात ठेवत नाही. तो टाकलेल्या गाडीला मशीन लावलं तर माझंच मशीन चोक होतं. स्वतःच्या पोटावर पाय देईन का?" मग म्हणाले, "गॅस आळसाने भरत गेलो, ते कबूल. पण हे?"

खरं बोलत होते. तोंडाकडे बघून कळतं. निघताना चहा विचारला त्यांनी. मी नको म्हटलं, तोंड दाखवायची लाज वाटली. मग गेटपासून परत फिरले आणि बसून चहा प्याले.

मग कोण?

१४ एप्रिल

प्रकाशला सगळं सांगितलं. शिळफाट्याचं त्याला माहीतच होतं, डब्याचं सांगितलं. ऐकून घेतलं. "मला त्यातलं काय कळतं? मी कधी बॉनेट तरी उघडलंय का?"

"एवढा खर्च करण्यापेक्षा विकून टाक," असंही म्हणाला. शांतपणे. फार शांतपणे.

१७ एप्रिल

बिन-एसीची गाडी सकाळच्या जवळच्या फेऱ्यांना वापरतेय. आज निघताना काचेवर मारायचं पाणी संपलेलं. प्रकाश ऑफिसला निघालेला, म्हटलं जरा बॉनेट उघडून दे, माझे हात ओले आहेत.

आमचं बॉनेट अडतं. मागे एकदा खांबाला घासल्यापासून आतला खटका सरळ वर होत नाही. भाऊजीसुद्धा दर वेळी चाचपडतात.

प्रकाशने दोन बोटं आत घातली, खटका डावीकडे दाबला, बॉनेट वर. बघितलंही नाही खाली. फोनवर बोलत होता.

मी पाणी भरलं. थँक्यू म्हटलं.

१९ एप्रिल, रविवार

आई देवळात गेल्यावर विचारलं. आवाज चढवला नाही. खटक्याचं सांगितलं.

बराच वेळ टीव्हीकडे बघत होता, टीव्ही बंद होता.

"हो. मी टाकलं. व्हिडिओ बघितलेला. एक डबा टाका, कधी गळणार नाही, असं होतं त्यात."

"एसी तर नीट चालत होता, प्रकाश."

"म्हणूनच. तूच म्हणतेस ना, बिघडायच्या आधी काळजी घ्यावी? तुला परत परत अनिलकडे जावं लागू नये म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस? बाईंचं झालं तेव्हा? भाऊजींवर आळ घेऊन आले तेव्हा?"

"घाबरलो."

घाबरलेला माणूस असा दिसतो? तेवीस वर्षांच्या संसारात मी त्याला घाबरलेला पाहिलाय, वडील गेले तेव्हा, कंपनीत माणसं कमी केली तेव्हा. तेव्हा जेवत नव्हता. या दहा दिवसांत नीट जेवलाय.

पण खरंही असेल. व्हिडिओ बघून त्याने गिझरही उघडलेला. तो आठवडाभर बंद होता.

चौदा मार्चला म्हणाला होता, एक मोठं काम निघालं की. आणि पाडवा त्यानंतर

पुढे नाही लिहीत.

२९ एप्रिल

सावंतांकडून गाडी आली. कॉम्प्रेसर वाचला. बाकीचं सगळं बदललं. भाऊजी स्वतः येऊन वर्कशॉपमध्ये बसले होते, काम कसं करतात बघायला. दोघांचं चांगलं जमलं.

बाईंच्या घरी गेले. वाटलं, नाही म्हणतील. त्या पर्स घेऊन तयारच होत्या. "मुलीला सांगितलंय, मी मेधाच्याच गाडीने जाणार." गाडीत बसल्यावर विचारलं, "सापडलं का कोण ते?"

म्हटलं, घरातलंच होतं. चुकून झालं.

"चुकून," बाई म्हणाल्या.

३ मे, रविवार

सकाळी जाळी धुवायला खाली गेले. प्रकाश मागोमाग आला, हाफ पँटमध्ये. "दे इकडे पाइप, मी मारतो. मलाही शिकव."

काय म्हणणार. दिला.

हळू धार. वरून खाली. पात्या वाकणार नाहीत अशी, लांबून. मी काही सांगायच्या आधीच. समोरच्या विंगमधले जोशी हात करून गेले, त्याने पण हसून हात केला, पिवळ्या पाटीवरची धूळही हाताने पुसली. इतका चांगला दिसत होता तो. लग्नाच्या आधी दिसायचा तसा.

गॅलरीतून आईंनी चहाला हाक मारली.

"तू जा वर," प्रकाश म्हणाला. "बॉनेट उघडून आतून पण मारतो थोडं. होतंच आलंय."

ऊन चढलं होतं. आईंनी परत हाक मारली.

मी गेले नाही.