घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्याबद्दल

गीव्हस्टन, ११ जुलै

आदरणीय क्लाइव्ह भाऊजी यांस,

ग्लेनिसचा नमस्कार. तिकडे उत्तरेच्या उकाड्यात, टाउन्सव्हिलात, आपण, आपला गुडघा आणि आपला पोहण्याचा तलाव खुशाल असावेत. इकडे दक्षिणेला आपला भाऊ रसेल ठीक, सासूबाई ठीक, मी रागात. जुलै म्हणजे आमचा ऐन हिवाळा, पण थंडी बेताची आहे. गोठलेला नळ आज नऊलाच सुटला.

आपल्या मातोश्रींना दोन ऑगस्टला ऐंशी पुरी होतात. चाळीस वर्षं त्यांनी या घरात स्वतःच्या हाताने बिअर केली. मनगटं गेल्यापासून दुकानची बाटली नाकापाशी नेतात आणि तशीच खाली ठेवतात. म्हणून त्यांना कळू न देता त्यांच्याच कृतीची बिअर वाढदिवसाला द्यायची, हा माझा बेत. ती कृती तुमच्याकडे, हे माझं नशीब.

तुम्ही धाडलेल्या कागदावर पाचवी ओळ आहे : पिंप घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवावं. मी पडले आज्ञाधारक. थर्मामीटर घेऊन घरभर फिरले आणि धुण्याच्या खोलीत, सिमेंटच्या टाकीमागे, सात अंशांचा कोपरा शोधून काढला. पिंप कोमट होतं तोवर, म्हणजे दोन दिवस, झाकणावरच्या नळीतून बुडबुडे आले. मग सामसूम. गोडी मोजायची काचेची नळी आत तरंगवली, तर आकडा दहाशे तीस. उतरायला हवा दहाशे दहापर्यंत. आठ दिवस तो तसूभर हलला नाही (इतकी हट्टी वस्तू या घराण्यात आल्यापासून मी ही दुसरीच पाहिली). फोन केला, तर तुम्ही पंख्याखाली उघड्या अंगाने म्हणालात, "यीस्टला घाई करायची नसते, ग्लेनिस. गार आहे ना? मग झालं." मी पिंप हलवलं, दुसरं यीस्ट टाकलं. रसेलने मूठभर साखर टाकली (का, तर "भूक लागली असेल त्याला"). शेवटी तुम्ही म्हणालात, आहे तशी भरून टाक बाटल्यांत. म्हणजे उरलेली साखर आत फसफसून ऐन वाढदिवसाला पाद्रीबाबांच्या मांडीवर बाटली फुटणार.

आज सकाळी ह्युऑनव्हिलच्या बिअरच्या सामानवाल्याने विचारलं, "बाई, पिंप ठेवलंय कुठे?" मी सांगितलं. तो हसला नाही, हे जास्त लागलं. बारा अंशांखाली हे यीस्ट झोपी जातं म्हणे. गार कोपरा शोधायचा तो तिकडे, जिथे घराची भट्टी होते. म्हणून कोट न काढता हे लिहायला बसले आहे. जिथे लोण्याला करवत लावावी लागते, तिथे ही सूचना? ती ओळ ज्याने लिहिली तो मूर्ख, बिनडोक आणि जन्मात नकाशा न पाहिलेला इसम आहे. त्यातून तुम्ही याच घरात वाढलात, कुत्र्याच्या भांड्यातला बर्फ फोडून शाळेत जायचात. बाटल्यांत मुरायला दोन आठवडे लागतात. आज-उद्या यीस्ट उठलं नाही, तर सासूबाई ऐंशीव्या वर्षीही दुकानची बाटलीच हुंगणार.

आपली,
ग्लेनिस

ता.क. तुमची स्वतःची याच कृतीची बिअर तयार आहे असं ऐकते. येताना तीस बाटल्या आणा, लेबलं नकोत, मागच्या फाटकाने या. मी केली म्हणून सांगेन. सासूबाईंना यातलं अक्षरही कळता कामा नये.

ता.क. दुसरा. बाटल्या आणू नका. धुण्याच्या खोलीत आत्ता गेले, तर पिंप नाही. ते सासूबाईंच्या खोलीत शेगडीजवळ आहे, त्यांच्याच गोधडीत. त्यांनी काल रसेलकडून उचलून नेलं (आणि हा गृहस्थ गप्प). मिनिटाला दहा बुडबुडे. म्हणाल्या, "वास मला पहिल्याच दिवशी आला होता. म्हटलं, बघू किती दिवस गारठवतेस ते." पाचवी ओळ मूळची त्यांची, तुम्ही उत्तरेला गेलात तेव्हा मुद्दाम तुमच्यासाठी घातलेली. तेव्हा मूर्ख, बिनडोक आणि नकाशा एवढं मागे घेते. बाटल्या धुवायच्या आहेत, पत्र पुन्हा लिहायला सवड नाही. बाकीचं सगळं तुमचंच आहे, ठेवून घ्या.