म्हशी सांगितल्या

३ नोव्हें.
स्टाफरूममध्ये पुन्हा तुपाची मागणी. "मॅडम, तुमच्या डेअरीचं तूप म्हणजे..." डेअरी कसली कर्माची! बोरगावला थोरल्या भावाच्या, अण्णाच्या शेडमध्ये डुकरं आहेत. बेळगावात बसून त्यांचं खाद्य-औषध मी फोनवरून बघते. हे कॉलेजात कुणाला माहीत नाही. निपाणीच्या बाजारात तूप घ्यायचं आणि घरचं म्हणून द्यायचं. लाज वाटते, तरी देतेच.
संध्याकाळी अण्णाचा फोन. पिल्लांचे टोकदार दात कापताना एक पिल्लू अंगठ्याला चावलं. "एवढंसं हाय गं सुमे. हळद लावलीया."

६ नोव्हें.
अंगठा सुजलाय. गावातल्या गोळ्यांनी फरक नाही. वहिनी रडवेली. "हाताकडं बघवंना झालंय वन्सं." म्हटलं, बेळगावला घेऊन ये त्याला.

७ नोव्हें.
इस्पितळ. डॉक्टर वयानं तरुण, नीट बोलणारे. अण्णाला विचारलं, "जनावरं पाळता का?" तो तोंड उघडायच्या आत मीच, "म्हशी आहेत." दार उघडं होतं. बाहेर बाकावर आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालबाई आईला घेऊन बसलेल्या. "कशानं लागलं?" "पत्र्यानं." हेही मीच. अण्णानं माझ्याकडं बघितलंही नाही. भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला.
ॲडमिट.

९ नोव्हें.
ताप. सूज मनगटाच्या वर. इंजेक्शनं चालू, उपयोग शून्य. आता पू तपासायला पाठवलाय. डॉ. राउंडला आले, गेले. आज तरी बोलायला हवं होतं. वर्गात तासभर तोंड चालतं माझं, आणि इथं...

११ नोव्हें.
रिपोर्ट. नेहमीची औषधं या जंतूंना लागूच पडत नाहीत. डॉ. म्हणाले, "असे जंतू कधीकधी डुकरांच्या फार्मवर सापडतात. पण तुमच्याकडे तर म्हशी..."
लागू न पडणाऱ्यांत टेट्रासायक्लिन. डुकरांच्या खाद्यात घालतो तीच पावडर. गुरांच्या डॉक्टरांनी थोडे दिवस सांगितलेली, मी वर्षभर बंदच करू दिली नाही. पिल्लं मरायची थांबली होती. मग राहू दे की रोज खाद्यात, म्हटलं.
सांगितलं. डुकरं, चावा, पावडर, सगळं.
"पहिल्या दिवशी कळलं असतं तर तेव्हाच पू पाठवला असता. का नाही बोललात?"
अण्णा मध्येच, "मीच सांगू नको म्हणालतो तिला. माजं चुकलं, डॉक्टर."
आणि मी काय केलं? तेही त्याच्यावर ढकलू दिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१२ नोव्हें.
केबिनमध्ये एकटी गेले. म्हटलं, काल तो खोटं बोलला, माझ्यासाठी. डॉ. म्हणाले, "ते असू दे. आधी ती पावडर थांबवा. वहिनींचीही तपासणी करू." वहिनी! ती तर दिवसभर शेडमध्येच असते. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.
तिचा फोन, "थांबवली. पर पिल्लांस्नी हगवण लागलीया, काय घालू?"
मला नको विचारूस, गुरांच्या डॉक्टरांना बोलाव, म्हटलं. हे वर्षापूर्वी म्हणायला काय झालं होतं मला?

१३ नोव्हें.
नवं औषध सुरू. ताप थोडा उतरला. अंगठ्याचं टोक काळं पडलंय. ठेवायचं की काढायचं, परवा बघू म्हणाले. अण्णा म्हणतो, "जाऊ दे गं, उजवा हाय व्हय?" उजवाच आहे. हसवायला बघतो मला.
दुपारी एक्स-रेच्या रांगेत शेजारी एक म्हातारे गृहस्थ. गप्पिष्ट. "कुठलं पावणं? शेतीबरोबर जोडधंदा काय करता?"
अण्णानं माझ्याकडं बघितलं. काय सांगू, म्हणून. थोरला भाऊ माझा, आणि स्वतःचा धंदा सांगायला माझी परवानगी मागतोय.
"डुकरं पाळतो आम्ही," मी म्हणाले.
आवाज इतका बारीक निघाला की त्यांना ऐकूच गेलं नाही. कानामागं हात धरून त्यांनी परत विचारलं, "काय पाळता म्हणालात?"