परसातली रुई

नाशिक,
१२ जून १९९८

ती. सौ. सुलाआत्यास,
सरिताचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल आहेत. लग्नाला चार महिने झाले, तरी स्वयंपाकघरात हात लावण्याआधी मी अजून सासूबाईंकडे बघते. त्या हसतात.

घरामागे थोडी मोकळी जागा आहे. चिखल घरात येतो म्हणून नाना (माझे सासरे) तिथे शहाबादी फरशी बसवणार होते. दोन दिवस मनात घोकून शेवटी मी ती जागा मागितली. नाना म्हणाले, पुढच्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत तुझी. देवाच्या नाहीतर घराच्या उपयोगाचं काही उगवलं तर ठीक, नाहीतर गवंडी बोलावतो.

इथे घरोघरी क्रोटनच्या कुंड्या आहेत. दिसतात छान, पण त्यांच्याकडे एक माशी फिरकत नाही. मला आपल्याकडची झाडं हवीत, ज्यांच्यावर मधमाश्या, फुलपाखरं, पाखरं येतात. नव्या सुनेने हे मागणं जास्त तर झालं नाही ना? तुझ्या ओट्यावर कोळशाने तूच मला अक्षरं शिकवलीस, म्हणून आधी तुलाच विचारते.

पत्र लहान झालं तरी माया लहान होऊ देऊ नकोस.

तुझी,
सरिता

पेठ,
३ जुलै १९९८

चि. सौ. सरितास,
अनेक आशीर्वाद.

मागून झाल्यावर विचारतेस, जास्त झालं का! लहानपणी गुळाचा खडा तोंडात टाकूनही असंच विचारायचीस.

आमचा गडी बहिरू उद्या एस.टी.ने नाशिकला येतोय. त्याच्याकडे गोणपाटात ओली गुंडाळून रोपं आणि फांद्या दिल्यात. अडुळसा मधमाश्यांसाठी. धायटीची लाल फुलं आली की शिंजीर येईल, चिमणीहून लहान, पण तोरा मोराचा. निर्गुडी कुंपणाला लाव. रुईच्या दोन फांद्या आहेत, त्या उन्हात लाव आणि पाणी बेतानेच घाल. विकतचं खत नको. मातीच्या परळात पाणी ठेव आणि त्यात खडे टाक, म्हणजे माशी बुडणार नाही.

पानं कुरतडलेली दिसली तर घाबरू नकोस, पाहुणे जेवायला आले असं समज.

तुझे काका म्हणतात, सासऱ्यांना धायटीचं सरबत पाज. त्यांचं ऐकू नकोस.

लोभ असू दे म्हणायची आपल्यात गरज नाही, तरी म्हणते.

तुझी,
आत्या

नाशिक,
२० जुलै १९९९

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे.

एक रुई सोडून फांद्या सगळ्या जगल्या. अडुळशावर सकाळी इतक्या माश्या असतात की सासूबाई धुणं वाळत घालताना त्यांना बाजूला व्हा म्हणतात. शिंजीर येऊन गेला. तोरा खराच आहे त्याचा.

पण रुईचं ऐक. एक रुई तेव्हाच गेली होती, दुसरी माझ्या खांद्याइतकी झाली. नाना दर शनिवारी मारुतीला अकरा पानांची माळ वाहतात. घरची रुई म्हणून ते फार खूश होते. शेजारच्या सुलभाताईंनाही बोलावून दाखवली. मग पानांना भोकं पडू लागली. भोकाचं पान देवाला चालत नाही, असं नाना म्हणाले. दोन शनिवार त्यांना बाहेरून पानं आणावी लागली. तिसऱ्या शनिवारी ते दोरीने परस मोजू लागले.

त्याच दुपारी मी तंबाखू भिजवून ते पाणी रुईवर शिंपडलं. पानामागे पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या होत्या. तू पाहुणे म्हणाली होतीस, ते आठवत असूनही शिंपडलं. सगळ्या खाली पडल्या. मी त्या मातीत पुरल्या.

आता पानं अखंड आहेत. नाना म्हणतात, सूनबाईच्या हाताला गुण आहे. फरशीचं नाव कोणी काढत नाही. पण ज्यांच्यासाठी जागा मागितली त्यांनाच मारून मी ती राखली. शनिवारी ते माळ ओवायला बसले की मी काहीतरी निमित्त काढून आत जाते.

रागावलीस तरी उत्तर लिही.

तुझी,
सरिता

पेठ,
२६ जुलै १९९९

चि. सौ. सरितास,
अनेक आशीर्वाद.

रागावले. दिवसभर पुरेल एवढी रागावले, मग भात चढवला.

अळ्या पुन्हा येतील. रुई उभी आहे तोवर फुलपाखरू तिला हुडकत येतंच. पण तू आत पळतेस ते बरं नव्हे. नानांनी तुला जागा दिली, तर त्यांना खरं ऐकायचाही हक्क आहे. जा आणि सांग. फरशी बसली तर बसली. गोणपाट भरून रोपं घे आणि माझ्याकडे ये, इथे डोंगर काही कोणी फरशीने मढवत नाही.

पोटभर जेवून मग सांग. उपाशीपोटी तू फार रडतेस.

माया आहे म्हणूनच बोलते.

आत्या

नाशिक,
१८ ऑगस्ट १९९९

सौ. सुलाबाई यांस,
चिमाजी निकम यांचा स. न. वि. वि.

आपला पत्रव्यवहार नाही, तरी लिहितो. सूनबाई सौ. सरिता पंचमीला सटाण्यास माहेरी गेली आहे, त्यामुळे विचारायला घरात दुसरे कोणी नाही.

तिने मला एका शनिवारी सकाळी सर्व सांगितले. मला राग आला, हे लपवत नाही. तो तिचा आला की माझा, हे मात्र देवळात जाईपर्यंत ठरेना. पोरीने इतके भ्यावे असा मी कधी वागलो, असे मंडळींना विचारले. त्यांनी लगेच चार प्रसंग सांगितले.

त्या शनिवारी माळ न घेताच गेलो. मारुतीने काही विचारले नाही. आता माळ देवळाबाहेरच घेतो. गवंड्यालाही नको म्हणून कळवले. सरिताला हे अजून सांगितलेले नाही, आली की सांगेन.

मुख्य काम असे. आज सकाळी रुईच्या पानामागे तीन अळ्या दिसल्या. काळे, पांढरे, पिवळे पट्टे आहेत, आणि पाठीवर केस नव्हेत, पण शिंगांसारखे काहीतरी आहे. ह्या आपल्याच का? असल्यास त्यांना आणखी काय लागते? एक बुलबुल सारखा कुंपणावर येऊन बसतो. मी छत्री घेऊन खुर्ची टाकून बसलो आहे. मंडळी जेवायला बोलावत आहेत, पण उठवत नाही.

बुलबुलाला हुसकणे योग्य की अयोग्य, तेही कळवावे. सरिता रविवारी येते. तोवर तिन्ही राहिल्या पाहिजेत.

घरोबा वाढवावा, आणि उत्तर उलट टपाली धाडावे.

आपला,
चिमाजी निकम