पणजोबांचा डबा

२४ सप्टें., सातारा
डबा उघडला, तिथंच सगळं बदललं. पणजोबा पलटणीबरोबर शांघायला होते, तिथून आणलेला. दर खंडेनवमीला तलवारीशेजारी मांडून पुजतो, पण आत काय ते कुणी बघितलंच नव्हतं. फिल्म निघाली! वास आंबट, डोळ्यांना झोंबणारा. टोक उजेडात धरलं. हॅटवाला गोरा, कॅमेरा, आणि कॅमेरा चालवायच्या दांड्यावर हात एका चिनी पोराचा.
वर्गातल्या मृणालला फोटो पाठवला. मी कॉलेज सोडल्यापासून ती बोलत नाही.

२५ सप्टें.
सांगलीहून मृ.चा फोन! तिचा प्रबंध ह्यावरच. चीनमध्ये सिनेमा नेणारे परदेशी. "पैसा त्यांचा, कॅमेरा त्यांचा, नाव त्यांचं. पण दांडा फिरवायला तिथली पोरं कधीच शिकली होती, असं मी लिहिलंय. सर म्हणतात, पुरावा? तो तुझ्या घरात आहे, वेड्या."
वेड्या म्हणाली. दिवसभर तेवढंच डोक्यात.
मग म्हणाली, "डबा हलवू नकोस. असली फिल्म उन्हानंही पेटते, पाण्यात टाकली तरी विझत नाही. दसऱ्यानंतर जाणकार माणूस घेऊन येते. आणि जवळ दिवा नको."

२८ सप्टें.
फिल्मवर मधासारखे थेंब. गोऱ्याचा चेहरा गेला. पोराचा हात आहे अजून.
आबांना म्हटलं, यंदा डबा पूजेत नको. आबा म्हणजे वडील; फौज सुटली तरी सुभेदारकी अजून उतरलेली नाही त्यांची.
"कॉलेज सोडलंस, आता द्येव बी सोड! इतकी वर्सं निरांजन लागतंय त्येच्याम्होरं, कवा पेटला का?"
"आवं, तवा झाकण घट्ट होतं."
"मग उघडलं कुनी?"

३० सप्टें.
मृ.ला सांगितलं, हात पण पुसट होतोय.
"तरी हलवू नकोस. माझ्यासाठी."
तिच्यासाठीच तर...

१ ऑक्टो., खंडेनवमी
ऊन लय. पाटावर तलवार, मेडलं, मधोमध डबा. आबांनी वात तुपात भिजवली, आईला हाक मारली, "काडेपेटी आन गं."
डबा उचलला, ओल्या पोत्यात गुंडाळला.
"आज बाहेर गेलास तर परत पाय ठिवायचा न्हाई हितं!"
"न्हाई ठेवत."
सांगलीची एस.टी. साडेदहाला. मृ.ला कळवलेलं नाही.
बाहेर येऊन दार मी लावलं, आतून कडी आबांनी घातली. पायरीवर एवढं लिहितोय. पोतं गार आहे. आतला डबा कोमट.