ऑरिनची कॉफी

रॉकलंड, मेन
ऑक्टोबर

लाडक्या थेल्माताई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. ऑरिनच्या अंत्यविधीनंतर शेजारणींनी आणून दिलेली मॅकरोनी अजून संपलेली नाही. तुझा गुडघा काय म्हणतो?

नवी भयकथा लिहून झाली. संध्याकाळी भुतांचे जुने सिनेमे लावते. आवडायचे ना मला? आता भीती वाटत नाही, हसूही येत नाही.

लग्न झाल्यापासून प्रत्येक गोष्ट मी आधी ऑरिनला वाचून दाखवायचे. ऐकता ऐकता तो कॉफी प्यायला विसरला, की म्हणायचा, "जमली बघ! कॉफी पार गार झाली."

परवा सवयीने त्याच्या खुर्चीपुढे कप ठेवला आणि अख्खी गोष्ट वाचली.

कॉफी गार झाली, ताई. जमली म्हणायची का गं?

तुझीच,
ईनिड