पोस्टर उतरवताना

४ मार्च

मार्लीन आंटीचं फोटोशूट झालं एकदाचं! किडनी तपासणीच्या पोस्टरवर तीच हवी म्हणून मी टान्याच्या कानीकपाळी ओरडत होते. टान्या माझी बॉस. पॅरामॅटातली ही छोटी एजन्सी तिची, आणि जाहिराती फक्त इथल्या मूळ रहिवाशांसाठी, ॲबोरिजिनल लोकांसाठी. "ब्लॅकफेलांनी ब्लॅकफेलांशी बोलायचं," असं ती म्हणते; हे लोक स्वतःला तसंच म्हणवतात. त्यात मी कोथरूडची! मी आपली डिझाइन करते, आणि विचारत राहते. विचारल्याशिवाय त्यांच्या चित्रांतला साधा ठिपकाही काढायचा नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकले.

आंटी स्वतः डायलिसिसवर आहे, तरी ताठ बसली होती. मध्येच मला म्हणाली, "हूज युअर मॉब, बब?" म्हणजे तुझी माणसं कोण, पोरी. पुणं सांगितलं, आईचं गाव सांगितलं, पार मामांपर्यंत गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. या देशात मला हे कुणी विचारलंच नव्हतं. वेडीसारखे डोळे भरून आले.

११ मार्च

प्रूफ दाखवायला तिच्या घरी. शिरा नेला होता. तिच्या मुलीनं, जोडी तिचं नाव, पुन्हा मागून घेतला. आंटीनं पोस्टर लांब धरून पाहिलं.

"मला सुंदरबिंदर केलं नाहीस ना?"

नाही, म्हटलं.

"मग बरी दिसते की मी."

आता मला 'माय गर्ल' म्हणते. किती बरं वाटतं.

२ एप्रिल

स्टॉपवर पोस्टर लागलं. बघत उभी राहिले आणि बस चुकली.

१९ एप्रिल

ती गेली.

२० एप्रिल

काय करून बसले मी!

काल टान्याचा फोन आला आणि मी रडत रडत कॉम्प्युटर उघडला. तिचा फोटो, भोवती झेंडूची माळ, खाली समई — आपल्याकडे अशी बातमी आली की ग्रुपवर येतं ना, तसंच. जीव ओतून केलं आणि थेट जोडीला पाठवलं.

इथं गेलेल्या माणसाचा फोटो दाखवत नाहीत, नाव घेत नाहीत — घरचे हो म्हणेपर्यंत. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? आमच्या प्रत्येक व्हिडिओआधी 'यात गेलेल्या माणसांचे चेहरे असू शकतात' ही सूचना मीच टाकते. आपल्याकडे माणूस गेलं की फोटो भिंतीवर चढतो, यांच्याकडे उतरतो. पण हात आपल्याच वळणावर गेले. मी जोडीच्या जखमेवर मीठ चोळलं.

टान्या रागावली असती तर बरं झालं असतं. "मुलीसारखी वागलीस, डिझायनरसारखी नाही," एवढंच म्हणाली. जोडीचं उत्तर नाही.

२२ एप्रिल

पोस्टरं उतरवली. आमच्या स्टॉपवर आता दातांच्या दवाखान्याची जाहिरात आहे. तिचं नाव मीही आता लिहीत नाही.

जोडीला मेसेज लिहिते, पुसते. टान्या म्हणाली, "लीव्ह हर बी. शोक चालू असताना तुझी माफी तिनं कुठं ठेवायची?" खरंय. पण जोडी पुन्हा माझ्याशी बोलली नाही तर? त्या घरात कुणीतरी होते मी. गप्प बसणं फार जड जातंय.

२५ एप्रिल

सुट्टी. घर आवरलं, दोनदा. फोन नाही.

२७ एप्रिल

जोडी ऑफिसात आली. मी उभी राहिले.

"फोटो दिसला तसा फोन उपडा टाकला," ती म्हणाली. "मग नवऱ्यानं अंगठ्यानं फोटो झाकला आणि मला फुलं दाखवली." अंत्यविधीची पत्रिका मीच करायची, असं तिचं म्हणणं. तीच फुलं, मधली जागा मोकळी.

करते म्हटलं. मग विचारलं, आमच्यात पांढरं नेसतात, चालेल का?

"आईच्या मुली पिवळं घालणार आहेत," ती म्हणाली. "तूही पिवळंच घाल."